‘नाइलाजाने’ शिकवू नकोस

चि. सोनूस,

ऑर्केस्ट्रात फ्लूटची जागा नाही मिळाली, तर ‘नाइलाजाने’ शिकवण्या घेईन, असं तू लिहिलंस. तो शब्द मला फार लागला, म्हणून लगेच लिहायला बसलो.

जागा थोड्या, हे खरंच. मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनं तीसेक असतात, फ्लूटवादक तीन-चार. एकदा मिळालेली मुख्य वादकाची खुर्ची सहसा कुणी सोडत नाही. विल्यम किंकेड १९२१ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात त्या खुर्चीवर बसले, ते १९६० पर्यंत. पण त्याच शहरातल्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवतही होते. तिथला त्यांचा शिष्य ज्युलियस बेकर पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा मुख्य वादक झाला, आणि त्यानेही जुलियार्डमध्ये पुढची पिढी घडवली. किंकेड स्वतः जॉर्ज बारेर यांचे शिष्य, आणि बारेर पॅरिसच्या तॅफानेलांचे. घराणं असंच चालतं, सोनू. यांच्यापैकी कुणीही शिकवणं कमी प्रतीचं मानलं नाही.

१८९४ मध्ये देब्युसीची ‘फॉन’ या वनदेवावरची रचना पॅरिसला पहिल्यांदा वाजली, तेव्हा फ्लूटवर हेच बारेर होते, वय अठरा. तिची सुरुवात तू रोज घोटतेस. साथीला कुणी नाही, आणि पहिलाच सूर सी शार्प. त्यावेळी जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात, नळी आखूड होते, सूर पातळ पडतो आणि वर चढू पाहतो. त्याला सांभाळतात ते फक्त ओठ आणि श्वास. तुझा सूर आता बरा लागतो, पण का लागतो ते तुला सांगता येतं का? नवशिक्या मुलाला तो समजावायला बस. ओठ नेमके काय करतात हे शोधल्याशिवाय एक वाक्यही बोलता येणार नाही. ऑडिशनला पडद्याआड उभं राहून छाती धडधडत असताना सवय दगा देऊ शकते. तेव्हा हे समजून घेतलेलंच हाताशी राहतं. शिकवण्याचा हा लाभ मी सर्वांत मोठा मानतो.

मुंबईत २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, तरी त्यातले कितीतरी वादक परदेशातून येतात. इथली मुलं तिथे बसायची, तर त्यांना लहानपणीच नीट शिकवणारं कुणीतरी हवं.

मन नसेल तर मात्र शिकवूच नकोस. मुलांना ते लगेच कळतं. मन असेल, तर निकालाची वाट पाहू नकोस. या महिन्यातच एक-दोन विद्यार्थी घे. फी ठरवून घे, भिडेपोटी फुकट शिकवू नकोस. पहिला तास झाला की मला कळव.

तुझा,
मामा