बंदीचे ६१ दिवस आणि आपला नेम



१ जून ते ३१ जुलै. ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद. बोट वर ओढली, इंजिन खोललं, जाळी शिवायला काढली की दरवर्षी घराघरांत तीच बोलणी ऐकू येतात. "ह्या पावसात पोट कमी करायचं." "औंदा कर्ज निम्मं तरी फेडायचं." "दारू बंद म्हणजे बंद." आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना बघावं तर त्यातलं काहीच उरलेलं नसतं.

लोक म्हणतात, मन घट्ट नाही. मला हे पटत नाही. पहाटे तीनला उठून, वारा-लाटा खाऊन, जाळं रिकामं आलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणारा माणूस, त्याचं मन घट्ट नाही? चूक मनात नाही, ठरवण्याच्या पद्धतीत आहे.

आधी एक प्रश्न. तब्येत कशासाठी? "वजन १० किलो कमी करायचं" हे डॉक्टरने सांगितलेलं असतं, आपल्याला आतून वाटलेलं नसतं. म्हणून ते टिकत नाही. आपल्या धंद्यातली गोष्ट घ्या. चालत्या बोटीवरून पाय घसरून पाण्यात पडलात, तर कठडा धरून स्वतःचं अंग स्वतः वर ओढता येईल का? विशीत येत होतं. आज पंचेचाळिशीत, पन्नाशीत? खलाशी दोघेच आणि पडणारा १०० किलोचा तांडेल असेल तर त्याला वर घेणार कोण? उधाण नसताना, खाडीत नांगरलेल्या बोटीवर, लाइफ जॅकेट घालून, चार माणसं सोबत ठेवून एकदा करून बघा. (एकट्याने नको. छातीचं, बीपीचं, खांद्याचं दुखणं असेल त्याने मुळीच नको.) जमलं नाही तर तेच आपलं ध्येय. काट्यावरच्या आकड्यापेक्षा हे ध्येय जास्त दिवस डोक्यात राहतं, कारण ते जिवाशी बांधलेलं आहे.

इथे कोणीतरी म्हणेलच, "आम्ही दिवसभर कष्टाचंच काम करतो, आम्हाला कसला व्यायाम?" खरं आहे, पण अर्धंच. जाळं ओढण्यात कंबर आणि खांदा एकाच बाजूने झिजतो. तांडेल तासन्‌तास सुकाणूपाशी उभा. बोटमालकाचा दिवस तर जेटीवर, फोनवर आणि गाडीवर जातो. कष्ट होतात, पण हृदयाला सलग अर्धा तास काम मिळतच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, दम थोडा वाढेल अशी हालचाल सांगते. शिवाय आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मोबाईलवर १०,००० पावलांचं खूळ आहे ना, ते १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलं. तो आकडा गाठला नाही म्हणून सगळंच सोडून द्यायचं कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात, असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या एका विद्यापीठात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर हे पाहिलं. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवसांत जमलं, कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. म्हणजे बघा, आपली बंदी ६१ दिवसांची. सरकारने आपल्याला जवळजवळ बरोब्बर मापाची मुदत दिली आहे, आणि आपण २१ दिवसांनी "छे, आपल्याला नाही जमत" म्हणून सोडून देतो.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपण काय करतो? एक दिवस चुकला की सगळंच मोडलं म्हणून आठवडा घालवतो. जाळं एका जागी फाटलं म्हणून कोणी अख्खं जाळं फेकत नाही, तेवढी घरं शिवतो.

ही विद्या बाहेरून आणायची गरज नव्हती, ती आपल्या घरातच होती. चातुर्मासात आजी लक्षवातींचा नेम धरायची, आठवतं? लाख वाती. ऐकूनच छाती दडपते. पण चार महिन्यांवर वाटलं तर दिवसाला साधारण ८३० होतात. दुपारी जेवण आवरलं की भिंतीला टेकून बसायची, कापूस घ्यायची, वळायची आणि मोजायची. तिला कोणी उत्साहाचं भाषण दिलं नव्हतं. तिच्याकडे तीन गोष्टी होत्या: ठरलेली वेळ, रोजचा आकडा आणि बघणारे शेजारी. उत्साह असो नसो, जेवण झालं की हात कापसाकडे जायचा.

आपणही हेच करायचं. "उद्यापासून चालणार" असं म्हणायचं नाही. "सकाळचा चहा झाला, की जाळ्याला हात लावण्याआधी जेटीपर्यंत जाऊन येणार" असं म्हणायचं. रोज होतंच अशा एका कामाच्या शेपटीला नवीन काम बांधायचं. आणि अडचण येणार हे धरून तिचं उत्तर आधीच ठरवायचं. पाऊस फार असेल तर पडवीच्या पायरीवर १० मिनिटं चढ-उतर. जाळं शिवताना तास झाला की उठून १० उठाबशा, मग पुन्हा बसायचं. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं: "जर असं झालं, तर मी हे करीन" असं आधी ठरवणाऱ्याच्या हातून काम जास्त होतं. आपण पुरुमेंत पाऊस सुरू झाल्यावर भरतो का? मे महिन्यातच भरतो ना?

पुरुमेंतावरून आठवलं. पावसात आपल्या ताटात सुकं येतं. सुके बांगडे, सुंगटांची किसमूर, वर लोणचं. चव आहे, नाही म्हणत नाही. पण मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक लहान चमचासुद्धा नाही, आणि त्यात सगळं आलं. बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी सुकं भिजवून, दोन पाण्यांनी धुवून घ्यावं, वरून मीठ घालू नये. तेवढं एकच ठरवलं तरी चालेल. तीन-चार नेम एकदम धरू नका. एकही धड राहत नाही.

दारूबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. बंदीत संध्याकाळ मोकळी असते आणि घोटाळा तिथेच होतो. "पिणार नाही" एवढंच ठरवून त्या वेळी त्याच घोळक्यात जाऊन बसलात तर नेम टिकणार नाही. ती वेळ दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते: भजन, पोराचा अभ्यास, कॅरम, काहीही. मात्र जो वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याने एकदम तोडू नये. हात थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. त्याने आधी सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टरना दाखवूनच सोडावी. घरच्यांनीही हे लक्षात घ्यावं.

पैशाचा नेमही ह्याच वाटेने जातो. समजा मुलीच्या शिक्षणाला वर्षाला ३६,००० पाहिजेत. रक्कम ऐकून घाम फुटतो. पण हंगामात साधारण ४० आठवड्यांचे हिशेब होतात, म्हणजे हिशेबाला ९००. वाटा हातात पडला की घरी जाण्याआधी ९०० बाजूला. घरी नेऊन मग उरलं तर टाकू म्हणाल, तर उरत नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतली बंदीच्या काळाची मदतही ह्याच तत्त्वावर आहे. पात्र मच्छीमाराने १,५०० भरायचे, सरकार ३,००० घालतं आणि ४,५०० तंगीच्या तीन महिन्यांत मिळतात. रक्कम थोडी आहे, तक्रार रास्त आहे. पण आधी थोडं बाजूला ठेवून तंगीत काढायचं ही रीत घेण्यासारखी आहे.

काही वेळा मात्र आपली चूक नसताना रस्ताच बंद होतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. बॉक्सिंग संपली. मग ते पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. गुडघा गेला म्हणून चालता येत नसेल तर खुर्चीत बसून हातांचा व्यायाम होतो. पद्धत बदलली म्हणून नेम मोडला असं होत नाही.

आता बायकांचं. वरचं सगळं वाचून आमच्या मासळी विकणाऱ्या बहिणी हसल्या असतील. बंदी बोटीला असते, त्यांना कुठली? सुकं विकायचं, बाहेरून येणारी मासळी घ्यायची, वर घरात दोन महिने चोवीस तास नवरा. त्यांच्या नेमाला वेळ हवा असेल तर तो घरातल्या पुरुषाने काढून द्यायचा. सकाळचा अर्धा तास चूल आणि पोरं त्याने सांभाळली तरच वहिनींचं चालणं होईल. नाहीतर त्यांना "व्यायाम करा" सांगणं म्हणजे डोक्यावर आणखी एक पाटी देणं.

राहिला १ ऑगस्ट. त्या दिवशी सगळी घडी बदलते: झोप, जेवण, वेळ, सगळंच. जूनचा नेम तसाच्या तसा बोटीवर चालणार नाही, म्हणून त्याचं छोटं रूप जुलैतच ठरवून ठेवा. अर्ध्या तासाचं चालणं जमणार नाही, पण जाळं सोडून झालं की डेकवर १० उठाबशा आणि कठड्याला धरून १० वेळा अंग पुढे-मागे, पाच मिनिटांत होतं. दर्या खवळलेला असेल त्या दिवशी नाही. केबिनमध्ये कॅलेंडर असतंच. ज्या दिवशी झालं त्या तारखेवर फुली मारा, आणि फुली मारली की नाही हे विचारायचं काम सगळ्यात लहान खलाशाला द्या. तो बरोबर विचारतो.