सुई जुळली, पण आवाज पोहोचला का?

३ ऑक्टोबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानावरील भाषण आकाशवाणीवरून प्रसारित झाले. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. इतिहासाचा शिक्षक म्हणून हे भाषण मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो. परंतु ते शब्द श्रोत्यांच्या घरापर्यंत कोणत्या वाटेने गेले असतील, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो मला आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे पडला.

हा विद्यार्थी परवानाधारक हौशी रेडिओ चालक आहे. काही वर्षांपूर्वी मुलांना प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी तो आपला १०० वॅटचा संच घेऊन आला. वसतिगृहाची गच्ची आणि कडुनिंब यांच्यामध्ये त्याने सुमारे २० मीटर लांबीची तार ताणली. तिच्या मध्यापासून खाली वर्गापर्यंत ३० मीटर बारीक कोॲक्सियल केबल आणली. ही तार म्हणजे अँटेना आणि ही केबल म्हणजे पारेषण वाहिनी.

तारेची लांबी २० मीटरच का? १९४२ च्या आंदोलनात मुंबईत गुप्तपणे चालविलेले काँग्रेस रेडिओ हे केंद्र ४२.३४ मीटर तरंगलांबीवर बोलत असे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ३०० या संख्येला मीटरमधील तरंगलांबीने भागले की वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मिळते. येथे ती सुमारे ७.१ येते. आजही ७ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशी चालक वापरतात. त्या तरंगलांबीच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे २० मीटर तार ही त्या पट्ट्यासाठी योग्य अँटेना ठरते.

७ मेगाहर्ट्झवर संभाषण उत्तम झाले. मग दूरचे केंद्र गाठावे म्हणून त्याने त्याच तारेवर १४ मेगाहर्ट्झ निवडले. मापकाची सुई पाचाच्या आसपास गेली. एक हा आकडा आदर्श मानला जातो. त्याने ट्यूनरची बटणे फिरवली, सुई बरोबर एकावर आली आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. त्यानंतर अर्धा तास हाका मारूनही उत्तर आले नाही. दूरची केंद्रे आम्हांला ऐकू येत होती. आम्ही मात्र कोणालाच ऐकू जात नव्हतो. "सर, सुई तर जुळली आहे," असे म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. आमचा खरा धडा तेथे सुरू झाला.

विद्युतप्रवाहाच्या मार्गात येणाऱ्या एकूण विरोधाला संरोध, म्हणजेच इंपीडन्स, म्हणतात. केबलचा संरोध ५० ओहम होता. परंतु वारंवारता दुप्पट झाल्यावर त्याच तारेच्या मध्यभागी प्रवाह अत्यल्प आणि विद्युतदाब मोठा होतो. तेथील संरोध हजारो ओहमपर्यंत चढतो. तो ४,००० ओहम मानू. ४,००० भागिले ५० म्हणजे ८०. हे झाले अँटेनापाशी असलेले स्थिर तरंग गुणोत्तर, ज्याला चालक मंडळी एसडब्ल्यूआर म्हणतात. जेथे संरोध जुळत नाही, तेथून बहुतेक ऊर्जा मागे परतते.

मग खालच्या मापकाने ८० ऐवजी पाचच का दाखविले? केबल उत्तम होती म्हणून नव्हे, तर ती ऊर्जा खाणारी होती म्हणून. परतणारी लहर वाटेतच उष्णतेच्या रूपाने विरत गेली. मापकापर्यंत थोडीच आली. वाट जितकी खराब, तितका खालचा आकडा बरा दिसतो!

ट्यूनर काय करतो? परतलेली ऊर्जा तो पुन्हा वर धाडतो आणि प्रेषकाला ५० ओहमचाच भार असल्याचे भासवितो. प्रेषकाचे त्यामुळे रक्षण होते, पण केबलमधील फेऱ्या थांबत नाहीत. लासलगावच्या बाजारात न विकलेला कांदा ट्रॉलीतून घरी न्यावा, पुन्हा बाजारात आणावा, तसे हे आहे. प्रत्येक फेरीत थोडा माल खराब होतोच.

संगणकावरील आज्ञावली हा हिशेब क्षणात मांडते. केबलचा प्रकार, लांबी, वारंवारता आणि अँटेनाचा संरोध भरला की वाटेतील घट समोर येते. डीन स्ट्रॉ यांची टीएलडब्ल्यू आणि सिमस्मिथ ही अशा आज्ञावलींची परिचित नावे होत. अँटेनाचा संरोध काढण्यासाठी ईझेडनेक वापरता येते. २०२२ पासून ती विनामूल्य आहे. आमच्या केबलची जुळलेल्या स्थितीतील घट सुमारे १.६५ डेसिबल होती; म्हणजे १०० पैकी ६८ वॅट वर पोहोचले असते. परंतु ८० या गुणोत्तरामुळे एकूण घट सुमारे १२ डेसिबल झाली. अँटेनापर्यंत जात होते जेमतेम सहा वॅट. उरलेले केबल तापविण्यात जात होते, आणि सुई एकावर स्थिर होती.

त्याने आज्ञावलीत केवळ वाहिनी बदलली. कोॲक्सियलच्या जागी ४५० ओहमची, अंतर राखून नेलेली दुतारी वाहिनी भरली. तार तीच, ट्यूनर तोच. तरी सुमारे ९० वॅट वर पोहोचतील, असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशी मुलांनी पीव्हीसी नळीचे तुकडे कापून दोन तारांमध्ये आधार बसविले, दुतारी वाहिनी तयार केली आणि ट्यूनरपाशी बॅलन जोडला. त्या संध्याकाळी दूरच्या राज्यातून उत्तर आले. आज्ञावली सांगते म्हणून आम्ही ते मानले नाही. करून पाहिले आणि मग मानले.

या गणिताचा पाया ऑलिव्हर हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घातला. लंडनच्या गरीब घरातला, कानांनी अधू असलेला हा मुलगा वयाच्या सोळाव्या वर्षी शाळेबाहेर पडला आणि पुढे तार कंपनीत नोकरीला लागला. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. तारेतून जाणाऱ्या संदेशाची समीकरणे त्याने स्वाध्यायाने मांडली आणि इंपीडन्स हा शब्दही त्यानेच रूढ केला. पुढे १९३९ मध्ये फिलिप स्मिथ यांनी तेच गणित एका वर्तुळाकार आलेखात बसविले. आजच्या आज्ञावल्या तोच आलेख पडद्यावर काढतात.

हे ज्ञान निफाडच्या मुलांना कशासाठी? ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुराने सायखेडा आणि चांदोरी वेढली, ते आपण पाहिले आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानात असलेल्या हौशी रेडिओ पथकाने निरोप पोहोचविण्याचे काम केले. अशा घडीला सुई जुळलेला परंतु कोणालाही ऐकू न जाणारा संच निरुपयोगी असतो. हौशी रेडिओची केंद्र सरकारची परीक्षा वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलास देता येते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा, एवढी विनंती या स्मरणिकेच्या निमित्ताने करतो.

त्या दिवसापासून माझी एक सवय बदलली. तास संपताना मी "समजले का?" असे विचारीत असे आणि पहिल्या बाकावरून "हो सर" असे उत्तर आले की समाधान मानीत असे. ती माझ्याजवळची सुई होती. आता मी शेवटच्या बाकापाशी जातो आणि तेथे बसलेल्या मुलाला, मी काय शिकविले ते मला सांगावयास लावतो.