प्रसूती रजा : हक्क आणि हिशेब

वसई-विरार परिसरातून मुंबईकडे जाणाऱ्या पहाटेच्या लोकल गाड्यांतील महिलांचे डबे पाहिले, म्हणजे या भागातील किती कुटुंबांचा संसार आता दोन वेतनांवर उभा आहे याची सहज कल्पना येते. मुंबईतील कार्यालये व दुकाने, वसई पूर्वेकडील गोखिवरे, सातिवली आणि वालीव येथील कारखाने, शाळा, दवाखाने अशा अनेक ठिकाणी येथील स्त्रिया नोकरी करतात. २००९ साली चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वस्ती वाढली, तशी कर्जाऊ रकमेवर घेतलेली घरेही वाढली. घराचा मासिक हप्ता पती-पत्नी दोघांची मिळकत गृहीत धरून ठरलेला असतो. अशा घरी बाळाची चाहूल लागली की आनंदाच्या जोडीने एक प्रश्नही उभा राहतो : एका वेतनाचा ओघ थांबला तर घर कसे चालायचे?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने बऱ्याच अंशी दिले आहे. तथापि हक्क असणे आणि त्या हक्काचा पैसा वेळेवर हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रजेचे वेतन दिवसांच्या मोजणीवर, अर्जाच्या तारखेवर आणि कागदाच्या पूर्ततेवर अवलंबून असते. म्हणूनच रजेचा हिशेब रजा सुरू झाल्यावर न करता गरोदरपणाची नोंद होईल त्याच महिन्यात मांडला पाहिजे.

मुंबई प्रांताचा पुढाकार

प्रसूतीच्या काळातील विश्रांतीचा खर्च कोणी सोसावा, हा वाद आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा पुरस्कार केला. मातेला प्रसूतीपूर्वी आणि प्रसूतीनंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा त्याचा काही भार शासनानेही उचलावा, असे प्रतिपादन त्यांनी केले. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. या प्रकारचा तो देशातील पहिला कायदा होय. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम आला. २०१७ च्या दुरुस्तीने सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्यात समाविष्ट झाल्या आहेत.

कोणाला, किती आणि केव्हा

खाजगी कारखान्यात अथवा दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानात किंवा आस्थापनेत काम करणाऱ्या स्त्रीने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. भरपगारी सुट्टीचे दिवस या ८० दिवसांत धरले जातात. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास २६ आठवडे, तर दोन वा अधिक अपत्ये असल्यास १२ आठवडे रजा मिळते. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. मालकाने प्रसूतीपूर्व व प्रसूत्युत्तर वैद्यकीय सेवा विनामूल्य पुरविली नसेल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस देय ठरतो. गर्भपात झाल्यास ६ आठवड्यांची सवेतन रजा मिळते. गरोदरपणामुळे वा प्रसूतीमुळे आजारपण उद्भवल्यास आणखी एक महिनापर्यंत रजा मिळू शकते.

ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची नोंद कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे, त्यांना हा लाभ मालकाकडून न मिळता विमा महामंडळाकडून मिळतो. वेतनातून विम्याची वर्गणी कापली जाते किंवा नाही, हे वेतनचिठ्ठीवर पाहून घ्यावे. अर्ज कोठे करावयाचा हे त्यावरूनच ठरते.

राज्य शासनाच्या सेवेतील स्त्रीस दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते. ही रजा तिच्या रजेच्या खाती खर्ची पडत नाही. २०१८ पासून १८० दिवसांच्या बालसंगोपन रजेची सोयही उपलब्ध आहे. तिचा उपयोग पुढील वर्षांत टप्प्याटप्प्याने करता येत असल्याने ती एकदम संपवू नये.

कंत्राटी वा रोजंदारी काम आहे म्हणून हक्क नाही, हा समज चुकीचा आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्री कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली त्यांना हा लाभ देय असल्याचा निर्णय दिला. कंत्राटाची मुदत रजेच्या काळात संपली तरी लाभ पूर्ण मिळाला पाहिजे, असा निर्णय याच न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

आठवड्याचे दिवस सात

रकमेची आकारणी कशी होते, हे एका उदाहरणाने पाहू. रजेवर जाण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत केलेल्या कामाच्या दिवसांची सरासरी काढून दैनिक वेतन ठरते. समजा, एका स्त्रीचे दैनिक वेतन ९०० रुपये असून ती महिन्याला २६ दिवस काम करते. म्हणजे तिची मासिक मिळकत २३,४०० रुपये झाली. २६ आठवड्यांचे दिवस १८२. ९०० रुपयांप्रमाणे एकूण लाभ १,६३,८०० रुपये होतो.

हिशेबनीस रविवार वगळून १५६ दिवसच धरीत असेल, तर रक्कम १,४०,४०० रुपये भरेल. तफावत २३,४०० रुपयांची, म्हणजे बरोबर एका महिन्याच्या मिळकतीची! बी. शाह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच स्पष्ट केले आहे की प्रसूती लाभासाठी आठवडा सात दिवसांचा धरावा, साप्ताहिक सुट्टी त्यातून वगळू नये. म्हणून रजेपूर्वीच्या तीन महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि आकारणी स्वतः पडताळून पाहावी.

हा पैसा दोन टप्प्यांत मिळावयाचा असतो. प्रसूतीपूर्व काळाचा लाभ गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेला लाभ प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांच्या आत. वरील उदाहरणात ८ आठवडे आधी रजा घेतल्यास पहिली रक्कम ५०,४०० रुपये व दुसरी १,१३,४०० रुपये होते. दुसरी रक्कम मोठी आणि पुढील १८ आठवड्यांसाठी असल्याने तिची महिनावार वाटणी आधीच ठरवावी. एकदम आलेला पैसा एकदम खर्च होतो, हा घरोघरचा अनुभव आहे.

घरचा जमाखर्च

एका कागदाचे तीन रकाने करावेत. पहिल्यात न चुकणारे खर्च : घराचा हप्ता वा भाडे, पतपेढीची कपात, विम्याचे हप्ते, वीज. दुसऱ्यात कमी होणारे खर्च : रेल्वेचा पास, रिक्षाभाडे, बाहेरचा चहा-फराळ. रजेची तारीख जवळ आली असता तीन महिन्यांचा पास न काढता एका महिन्याचा काढणे हेही बचतीचेच पाऊल आहे. तिसऱ्या रकान्यात नव्याने येणारे खर्च : तपासण्या, औषधे, मातेचा आहार, प्रसूतीचा खर्च, बाळाचे कपडे, आणि पुढे कामावर जाताना बाळाला सांभाळणाऱ्या बाईचे वेतन.

हा शेवटचा खर्च पुष्कळ कुटुंबे विसरतात. २६ आठवड्यांनंतर लगेच रुजू होणे जमणार नाही असे वाटत असेल, तर बिनपगारी महिन्यांची तरतूद आधीच केली पाहिजे. घरखर्चातील तिचा वाटा महिन्याला १२,००० रुपये असून दोन महिने बिनपगारी जाणार असतील, तर २४,००० रुपये लागतील. आठ महिने आधीपासून दरमहा ३,००० रुपये आवर्ती ठेवीत टाकल्यास ती रक्कम उभी राहते. वसईत सहकारी बचतीची परंपरा जुनी आहे. बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँकेची स्थापना १९१८ सालची. ही परंपरा अशा प्रसंगी उपयोगी पडावी. उसनवारी किंवा दागिने गहाण ठेवण्यापेक्षा ही लहान बचत केव्हाही श्रेयस्कर.

पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे बंधनकारक आहे, आणि मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत मातेला स्तनपानासाठी दिवसातून दोन वेळा सुटी मिळते. विरारहून दूर मुंबईत नोकरी असलेल्या मातेला मात्र लोकलच्या गर्दीतून बाळाला नेणे शक्य नसते. तिला घराजवळ सांभाळणारी व्यक्ती शोधावी लागते, आणि तो शोध रजेच्या अखेरच्या आठवड्यात सुरू करून चालत नाही.

जिला वेतनचिठ्ठी नाही

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी विकणारी, वाडीत भाजी काढणारी, नव्या इमारतीवर घमेली वाहणारी स्त्री या हिशेबात कोठे बसते? तिची रोजची मजुरी बंद झाली की चूल मंदावते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र स्त्रीस पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या स्त्रीस पहिल्या दोन अपत्यांपर्यंत नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० व शस्त्रक्रियेद्वारे प्रसूतीसाठी २०,००० रुपये साहाय्य आहे. परंतु या नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. गरोदरपणात काम सुटल्यावर तो मिळवणे कठीण होते, म्हणून काम चालू असतानाच नोंदणी करून घ्यावी. हे साहाय्य बुडालेल्या मजुरीची पूर्ण भरपाई करीत नाही, हे खरे. पण तेही केवळ कागदाअभावी हातचे जावे, ही गोष्ट खेदाची आहे.

कागद वेळेवर, पैसा वेळेवर

रजेची लेखी सूचना मालकाला देऊन तिची पोच घ्यावी. सूचना देण्यास उशीर झाला तरी हक्क बुडत नाही, मात्र पैसा लांबतो. सूचनेत लाभ स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव लिहावयाचे असते, ते कोरे सोडू नये. बँकेतील खाते स्त्रीच्या स्वतःच्या नावाचे असावे. बाळंतपणासाठी कोकणात किंवा देशावर माहेरी जाणाऱ्या स्त्रियांनी माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, खातेपुस्तक आणि अर्जाची पोच यांच्या प्रती बरोबर न्याव्यात. कागद वसईत आणि बाळंतीण माहेरी, अशा अवस्थेत अनेक अर्ज अडून राहतात.

या कामी वाचकांपैकी प्रत्येकाला काही करता येण्यासारखे आहे. मुख्याध्यापकांनी व कार्यालयप्रमुखांनी रजामंजुरीचा आदेश वेतनदेयक तयार होण्यापूर्वी निघेल, हे पाहावे. पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या साहाय्याने गावातील गरोदर स्त्रियांची यादी ठेवून कोणाचा कोणता अर्ज राहिला आहे, हे दर महिन्याला तपासावे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. ती त्याच मुदतीत व्हावी. गरोदरपणाच्या कारणावरून कामावरून कमी करणे बेकायदेशीर आहे. असे कोठे घडल्यास त्या स्त्रीला कामगार विभागाच्या कार्यालयापर्यंत सोबत करणे, हेही लोकप्रतिनिधीचे कर्तव्य ठरते.

नऊ महिन्यांचा अवधी निसर्गाने दिला आहे. त्यातील पहिल्या महिन्यांत एक कागद आणि थोडा वेळ खर्च केला, तर प्रसूतीनंतरच्या दिवसांत मातेची नजर कॅलेंडरावरील हप्त्याच्या तारखेकडे न जाता बाळाकडे राहील.