समुद्रशेवाळ, दारू आणि आपले यकृत



समुद्रशेवाळाचा अर्क आपल्या ऊस उत्पादकांना आता नवा नाही. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने शेवाळाचा रस काढून पिकांना देण्यावर काम केले आणि इफ्कोचे 'सागरिका' तर गावोगावी मिळते. त्याच्या फवारणीचे प्रमाण विचारायला सभासद आमच्याकडे येतच असतात. पण परवा कळंब भागातील एका सभासदाने निराळेच विचारले. पिशवीतून शेवाळाच्या भुकटीचा डबा काढून ते म्हणाले, "साहेब, हे घेतलं की दारूनं लिव्हर खराब होत नाही म्हणते विकणारा. खरं हाय काय?" असे विचारणारे ते एकटेच नसावेत, म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही. वाचून, विचारून जे समजले ते सांगतो.

पोटात गेलेली दारू बहुतांशी यकृतातच मोडली जाते. मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि यकृतात चरबी साठू लागते. आतड्याचे अस्तरही दारूने सैल पडते, तेथील जंतूंचे विष रक्तावाटे यकृतात जाऊन दाह होतो. वर्षानुवर्षे हेच चालले की मऊ यकृताच्या जागी कडक व्रण धरतात. हाच सिरोसिस. मग कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी. नुसती चरबी असेल तोवर दारू सोडल्यावर यकृत बहुधा काही आठवड्यांत सुधारते; व्रण मात्र सहसा पुरते जात नाहीत. देशी असो, विदेशी असो, मद्यार्क तोच. एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास तो निघतो, हे आपण साखरधंद्यातल्या माणसांनी तरी विसरू नये.

आता शेवाळाचे. तपकिरी समुद्रशेवाळात फ्युकॉइडन नावाचा चिकट पदार्थ असतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ किलिन यांनी १९१३ साली तो प्रथम वेगळा काढला. उंदरांना दारूबरोबर फ्युकॉइडन दिले तेव्हा यकृतातील चरबी आणि दाह कमी आढळला. म्हणजे विकणाऱ्याचे बोलणे अगदीच हवेतले नाही.

पण संशोधन केंद्राच्या प्लॉटवरचा उतारा आपल्या शेतात तसाच पडतो का? उंदराला मोजून दारू, मोजून शुद्ध पदार्थ, तेही थोडे दिवस. माणूस पंधरा-वीस वर्षे पितो, आणि डब्यात फ्युकॉइडन किती हे कोणी मोजलेले नसते. दारूने बिघडलेल्या माणसाच्या यकृतावर ते औषध म्हणून सिद्ध झालेले नाही. हुमणी खाली मुळ्या खात असताना वरून पानावर फवारा मारून ऊस वाचत नाही, तसेच हे.

शिवाय अपाय आहेत. फ्युकॉइडन रक्त गोठू देत नाही. बिघडलेल्या यकृताच्या माणसाचे रक्त आधीच नीट गोठत नसते. शेवाळात आयोडीनही भरपूर, ते थायरॉइडच्या रोग्याला बाधू शकते. आणि फवारणीचा अर्क तर कोणीही तोंडाला लावू नये. तो उसासाठी आहे.

त्या सभासदांना आम्ही डबा बाजूला ठेवून आधी सेवाग्रामला किंवा यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितले. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफीने बरेच कळते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडता येते, त्यासाठी औषधे आहेत. जाताना घरातील माणूस सोबत न्यावे, रोज किती पितो ते खरे सांगावे आणि असले डबे घेत असाल तर तेही दाखवावेत.