कुत्र्याने एक पाय उचलला तर?

सक्करदऱ्याच्या वाहत्या रस्त्यांवर तीन पायांनी उड्या मारत जाणारे एखादे कुत्रे तुम्ही पाहिलेच असेल. मागचा पाय गेलेले कुत्रे बरेच सहज पळते. पुढचा गेलेले मात्र दर पावलाला मान खालीवर करीत धडपडते. असे का? उत्तर भूमितीत आहे.

कुत्र्याचे डोके, मान आणि छाती पुढे असल्याने सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर येते. २० किलोच्या कुत्र्याचे १२ किलो पुढे, ८ किलो मागे. पुढच्या व मागच्या पायांत ५० सें.मी. अंतर धरा. मग गुरुत्वमध्य पुढच्या पायांपासून ८/२० × ५० = २० सें.मी. मागे येतो.

आता फरशीवर खडूने ५० सें.मी. लांब व १४ सें.मी. रुंद आयत काढा. चार कोपरे म्हणजे चार पंजे. गुरुत्वमध्याची खूण मधोमध, पुढच्या बाजूपासून २० सें.मी.वर करा. डावा मागचा पाय उचलला, की उरलेल्या तीन कोपऱ्यांचा त्रिकोण होतो. खूण त्या त्रिकोणाच्या आत, कडेपासून दीडएक सें.मी.वर राहते. कुत्रे पडत नाही. (विजेच्या खांबाशी चालणारा नित्यक्रम त्यामुळेच जमतो!) डावा पुढचा पाय उचला, खूण तेवढीच त्रिकोणाबाहेर जाते. तोल सावरायला धड उजवीकडे सरकवावेच लागते.

हे सरकवण्याचे काम पाठीचे आणि पोटाचे स्नायू करतात. पाठीचा कणा म्हणजे धनुष्याची कमान, पोटाचे स्नायू म्हणजे तिची दोरी. दोरी सैल पडली की पाठ वाकते. म्हातारे कुत्रे गुळगुळीत फरशीवर घसरते, त्याला सैल झालेले स्नायू हेही एक कारण असते.

तुमच्या घरी लस टोचलेले, ओळखीचे, निरोगी कुत्रे असेल तरच पुढचे करा; रस्त्यावरच्या कुत्र्यावर प्रयोग नको. घरी मोठे माणूस जवळ हवे. सतरंजीवर त्याला उभे करा आणि एकेक पाय जमिनीपासून जेमतेम उचलून पाच सेकंद धरा. आधी मागचे, मग पुढचे. पाय थरथरू लागले किंवा त्याने ओढून घेतला, की थांबा. काही आठवड्यांनी समोरासमोरचे तिरपे दोन पाय, म्हणजे डावा पुढचा आणि उजवा मागचा, एकदम उचलता येतील. आता आधार त्रिकोणाचा नाही, नुसत्या रेषेचा! क्षणाक्षणाला तोल सावरावा लागतो, म्हणून हा व्यायाम सर्वांत कठीण. नागपूरच्या उन्हाळ्यात हे सगळे सकाळी लवकर.

पिलाला मात्र हे नको. त्याच्या हाडांच्या टोकांशी वाढ होणाऱ्या कूर्चेच्या मऊ चकत्या असतात. त्या साधारण वर्षभरात, मोठ्या जातींत आणखी उशिरा, हाडात बदलतात. तोवर दोन पायांवर नाचवणे किंवा ओट्यावरून उड्या मारायला लावणे म्हणजे त्या चकत्यांना इजा करणे. मग पाय वाकडा वाढू शकतो. पिलाला गवत, माती, गादी अशा निरनिराळ्या जागांवर स्वतःहून हिंडू द्या, तेवढे पुरे. लंगडणाऱ्या जनावराला व्यायाम नव्हे, पशुवैद्य हवा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे.

आता एक प्रयोग तुमच्याकडे. कुत्र्याचे मागचे पाय वजनकाट्यावर आणि पुढचे तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून आकडा लिहा. मग फळीवर जेवणाचा पाट ठेवून पुढचे पाय त्यावर घ्या. आकडा किती वाढला? गुरुत्वमध्य किती सें.मी. मागे सरकला?