अडखळणारी चित्रफीत : कारणें व उपाय

शेतांतील नुकसानीची चित्रफीत मोबाइलवर काढून ठेवण्याची चाल आतां गांवोगांव पडली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाल्यावर तर पिकाचें छायाचित्र शेतकऱ्यानें स्वतः घेऊन सात-बाऱ्यावरील नोंद करावयाची असते. सबब हें यंत्र कोयत्या-नांगराप्रमाणेंच एक अवजार झालें आहे, व त्याची निगा ठाऊक असणें अवश्य आहे.

प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य नवी मुंबईंत असलें तरी वडिलोपार्जित भातखाचरें उरणकडील खाडीकांठीं आहेत. गेल्या वर्षीं आश्विनांत पौर्णिमेच्या उधाणानें बाहेरकाठ्यास खांड पडली व खारें पाणी लोंब्या आलेल्या भातांत शिरलें. पुतण्यानें दिवेलागणीस बांधावर उभें राहून तो प्रकार चित्रित केला. घरीं येऊन पाहतों तों चित्र हिसके खात चाललेलें. एका क्षणीं काठा धड दिसे, दुसऱ्या क्षणीं पाणी आंत आलेलें. मधला भागच नाहीं. पाणी काठ्यावरून सांडलें कीं उघाडीच्या बगलेनें फुटलें, हा पंचनाम्यांतील मुख्य प्रश्न. त्याचें उत्तर त्या गळलेल्या चित्रांबरोबर गेलें. सकाळपर्यंत खांड इतकी रुंदावली कीं मूळ जागा ओळखूं येईना. पंचनाम्यांच्या नकला करण्यांत आयुष्य गेलेल्या मनुष्यास ही उणीव फार लागली. म्हणून ह्या विषयाची जी माहिती मिळविली ती येथें देत आहें.

चित्रफीत म्हणजे एका सेकंदांत सामान्यतः ३० स्थिर चित्रें. त्यांतील कांहीं गळलीं कीं चित्र अडखळतें. प्रथम दोष कोठें आहे तें ठरवावें. तीच मूळ फीत दुसऱ्या चांगल्या यंत्रावर लावून पाहावी. तेथें ती सुरळीत चालली तर चित्रण निर्दोष असून दाखविणारें यंत्र दुबळें आहे, असें समजावें. तेथेंही अडखळली तर दोष चित्रणाचा. त्याचीं मुख्य कारणें चार :

(१) अंधुक उजेड. सेकंदास ३० चित्रें घ्यावयाचीं तर प्रत्येकास फार तर सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. उजेड कमी पडला कीं पुष्कळ यंत्रें आपण होऊन तो अवधि दुप्पट करितात, व चित्रें १५ वर येतात. आमच्या फितींत मुख्य दोष हाच होता. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें चित्रसंख्या आपोआप घटविण्याची सोय असल्यास ती बंद करावी. चित्र थोडें काळसर येईल, पण सलग येईल. सायंकाळीं ६० चित्रांचा आग्रह धरूं नये. शक्य तर विजेरीचा उजेड पाडावा.

(२) उष्णता. यंत्र तापलें कीं तें स्वतःच्या रक्षणार्थ आपली गति मंद करितें. उन्हांत ठेवलेला अथवा चार्जिंगला लावलेला मोबाइल लगेच चित्रणास घेऊं नये. कवच काढून सावलींत निववावा. मात्र शीतपेटींत ठेवूं नये, आंत दंव धरतें. बॅटरी वांचविण्याची सोय चालू असल्यास तीही चित्रणापुरती बंद करावी.

(३) सांठवणीची जागा. फुल एचडी चित्रणास मिनिटास सुमारें १३० मेगाबाइट, तर फोर-के चित्रणास सुमारें ३५० मेगाबाइट जागा लागते. कार्ड मंद असेल तर लिहिणें मागें पडून चित्रें गळतात. कार्डावर वर्तुळांत १० हा आंकडा असल्यास तें सेकंदास किमान १० मेगाबाइट लिहितें. त्याहून हलकें अथवा नकली कार्ड वापरूं नये. शंका असल्यास मोबाइलच्या अंतर्गत सांठ्यांतच चित्रण करावें, आणि दहा मिनिटांच्या कामास निदान चार गिगाबाइट जागा मोकळी असूं द्यावी.

(४) हाताची घाई. बांधावरून मोबाइल झपाट्यानें फिरविल्यास सुदृढ यंत्राचेंही चित्र हिसकतें. एका जागीं निदान दहा सेकंद स्थिर धरावें, मग सावकाश पुढें सरकावें.

एक इशारा. गळलेलीं चित्रें परत मिळत नाहींत. तीं भरून काढणारे प्रोग्राम मिळतात. पण ते मधलीं चित्रें अनुमानानें रचतात, आणि पुराव्यांत अनुमान चालत नाहीं. मूळ फीत जशीच्या तशी राखावी. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून धाडलेली प्रत सहसा आकुंचित होते. तिच्यावर विसंबूं नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणें असा अभिलेख न्यायालयांत दाखल करितांना प्रमाणपत्र द्यावें लागतें, तेव्हां मूळ यंत्र व मूळ फीत हाताशीं असणें सोईचें.

खाडीकांठच्या बंधूंनीं येत्या मोठ्या उधाणापूर्वीं एखाद्या सायंकाळीं काठ्यावर जाऊन पांच मिनिटांची फीत काढून पाहावी. ती अडखळली तर दुरुस्तीस अवकाश राहतो. खांड पडल्यावर तो राहत नाहीं.