कोरा बेंड की कोटिंगचा?

२०१५ साली अबार्थ पुंटो भारतीय बाजारात आली. ती रांजणगाव एमआयडीसीतल्या फियाटच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या शिरूर तालुक्यात तयार व्हायची, हे इथल्या पुष्कळांना ठाऊकही नव्हतं. गाडी दिसायला लहान, ताकद १४५ बीएचपी. माझं लक्ष नावाकडे गेलं. कार्लो अबार्थने १९४९ साली इटलीत कंपनी काढली, शर्यतीही जिंकल्या, पण गल्लोगल्ली नाव पोचवलं ते त्याच्या सायलेन्सरनी. आमच्या धंद्यातला माणूस!

माझं नगर रस्त्यालगत फॅब्रिकेशनचं शेड आहे. ग्रिल, गेट, ट्रॉल्या हे पोटापाण्याचं काम, आणि हौसेचं काम बेंड पाईपचं. शहरातली पोरं त्याला हेडर म्हणतात. चारही सिलिंडरचा धूर वेगवेगळ्या नळ्यांतून आणून पुढे एकत्र करायचा, एवढंच त्याचं काम. पालिओ १.६, जुनी व्हीटेक सिटी, एस्टीम, जिप्सी अशा गाड्या येतात आणि मालक हमखास विचारतो, "काका, कोटिंग करून घेऊ का?" हो किंवा नाही म्हणून भागत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

१. आधी गाडी कोणती ते बघा

अबार्थचंच घ्या. तिला टर्बो आहे. हेडला ओतीव मॅनिफोल्ड आणि त्याला लागून टर्बो, त्यामुळे लांब नळ्यांचा बेंड तिथे बसवायचा प्रश्नच येत नाही. टर्बो फिरतो तो धुरातल्या उष्णतेवर आणि दाबावर, म्हणून तिथे उष्णता आत कोंडून ठेवण्याला खरा अर्थ आहे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडच्या अगदी जवळ असतो. बेंडला जागा करायची तर तो काढावा लागतो. तो मी काढत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, पीयूसी आहे, आणि पुण्यात पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोड रोलर फिरवलेला सगळ्यांनी पाहिलाय. जुनी गाडी, ट्रॅकची गाडी, कॉलेजच्या पोरांनी बनवलेली फॉर्म्युला गाडी, पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

२. धातू ठरवा, मग कोटिंग

इथेच निम्मं उत्तर मिळतं. माइल्ड स्टीलचा, म्हणजे साधा एमएसचा पाईप स्वस्त असतो, वाकवायला सोपा, वेल्डिंगला शहाणा. पण साधारण ५०० अंशांच्या वर त्याला पापुद्रे सुटायला लागतात आणि पेट्रोल इंजिन जोरात पळवलं की हेडच्या तोंडाशी धूर ८०० च्या पुढे जातो. एमएसचा बेंड कोरा ठेवला तर तो गंजणार, बाहेरून आणि आतूनही. एमएस घेतलात की कोटिंगचे पैसे त्याच्या किमतीतच धरा.

३०४ स्टेनलेसचं तसं नाही. तो या तापमानाला टिकतो, शिवाय एमएसच्या तुलनेत उष्णता तिसरा हिस्साच वाहून नेतो. त्याचा दुर्गुण वेगळा आहे. तो तापल्यावर जास्त लांबतो. मीटरभर नळी ५०० अंशांनी तापली तर एमएस सुमारे ६ मिलिमीटर वाढतो आणि ३०४ साडेआठ. चार नळ्या कमीजास्त तापल्या की ताण वेल्डवर येतो आणि तडा फ्लँजच्या गळ्याशी जातो. त्यावर कोटिंग हा इलाज नव्हे. जाड फ्लँज, आर्गनने केलेलं वेल्डिंग, वेल्ड होताना नळीच्या आतही आर्गन सोडणं आणि बेंडच्या पुढे एक लवचीक जोड, हे त्याचे इलाज.

हवेचाही हिशेब करा. अलिबागकडे चिंकारा मोटर्सने इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून उघडी रोडस्टर बनवली होती. तिथल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड किती दिवस टिकणार? आमचा शिरूर-दौंडचा पट्टा पर्जन्यछायेतला. इथे गंजापेक्षा धूळ आणि ऊन जास्त. इथे राहणाऱ्या, ३०४ घेणाऱ्या आणि रविवारी गाडी काढणाऱ्या माणसाला मी कोरा बेंड देतो. वाचलेल्या पैशांत चांगली हीट शील्ड बसवतो.

३. ताकदीसाठी कोटिंग करू नका

जाहिरात म्हणते, धूर गरम राहिला की वेगाने निघतो, इंजिन मोकळं होतं. तत्त्व खरं आहे, पण रस्त्यावरच्या गाडीत तो फरक पायाला जाणवेल एवढा नसतो. खरा फायदा बोनेटखाली आहे.

मे महिना, पारा चाळिशीपार, शिकरापूरच्या चौकात गाडी अडकलेली. बेंड तापून आग ओकतोय आणि बाजूला स्टार्टर, वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, प्लगच्या तारा. इंजिन जी हवा ओढतं तीही तिथलीच असेल तर हवा ३ अंशांनी तापली की सुमारे १ टक्का विरळ होते. २० अंशांचा फरक पडला तर हिशेब तुम्हीच करा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत तर पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि गाडी भर चौकात रुसते. दुपारी स्टार्टर न उचलणारी आणि रात्री बरोबर चालणारी गाडी आली की मी आधी बेंड आणि स्टार्टरमधली जागा बघतो. जागा बोटभरही नसेल तर ३०४ असला तरी कोटिंग करा म्हणतो.

४. 'कोटिंग' या नावाखाली काय काय विकतात

रांजणगाव-सणसवाडी भागात पावडर कोटिंगचे शेड जागोजागी आहेत. तिथली साधी पावडर भट्टीत १८०-२०० अंशांना पक्की होते. ती गेटला, रॅकला उत्तम. बेंडवर पहिल्याच फेरीत जळून वास मारेल. क्रोम चकचकीत दिसतं, लगेच निळं-पिवळं पडतं आणि उष्णता काही अडवत नाही. हीटप्रूफ चंदेरी रंग ६०० अंशांपर्यंत टिकतो असं डब्यावर लिहिलेलं असतं. तो गंज थोपवतो, बाकी काही नाही. गॅल्व्हनाइज्ड पाईप तर बेंडसाठी शेडमध्ये आणूच नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत भरून ताप आणतो.

खरं कोटिंग सिरॅमिकचं. ते करणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा. आधी ब्लास्टिंग करता का? आणि आतून करता का? दुसरा जास्त महत्त्वाचा. फक्त बाहेरून थर दिला तर बोनेट गार राहतं, पण धुराची उष्णता धातूतच अडकते आणि पाईप आधीपेक्षा जास्त तापतो. आतला थर धातूला वाचवतो आणि बाहेरचा शेजाऱ्यांना. दोनपैकी एकाही प्रश्नाला नाही म्हणाले तर जॉब उचलून घरी या. काम झाल्यावर वळणाच्या आत थर नीट पोचला का हे टॉर्च लावून बघा.

५. पट्टी गुंडाळण्याबद्दल

काचेच्या किंवा बसाल्टच्या धाग्याची पट्टी बेंडला गुंडाळली की रेसची गाडी वाटते आणि खर्चही कमी. पण त्याआधी दौंड तालुक्यात कुरकुंभच्या केमिकल कारखान्यांत शटडाउनची कामं केलेल्या फिटरला विचारा. वाफेच्या पाईपवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण, उघडलं की खाली काय निघतं ते तो सांगेल. बाहेरून पत्रा नवाकोरा आणि आत पाईप कागदाइतका पातळ. पाणी आत शिरतं, वाळत नाही, उष्णता त्याला मदत करते. गाडी धुतल्यावर पट्टीखाली हेच होतं. एमएसवर पट्टी मी गुंडाळत नाही. ३०४ वर, ट्रॅकसाठी, वर्षातून एकदा सोडून बघायच्या बोलीवर ठीक.

६. कोरा बेंड बोलतो

कोटिंगवाल्यांना ही बाजू आवडत नाही. कोऱ्या स्टेनलेसवर आधी गव्हाळ, मग तांबूस, मग निळा रंग चढतो. चार नळ्यांवर एकसारखा चढला तर इंजिन निरोगी. एकच नळी वेगळ्या रंगाची दिसली तर त्या सिलिंडरचं मिश्रण किंवा इंजेक्टर तपासा. मिसफायर असेल तर थंड इंजिन चालू करून प्रत्येक नळीवर पाण्याचा थेंब टाका. तीन नळ्यांवर चुर्र होईल आणि चौथीवर थेंब तसाच बसून राहील. जुने मेकॅनिक अजून हेच करतात. सिरॅमिकच्या थरावर ही खूण धूसर होते, आणि वेल्डचा केसाएवढा तडाही थराखाली लपतो. वारंवार उघडझाप होणाऱ्या गाडीला, विशेषतः पोरांच्या कॉलेजच्या गाडीला, मी निदान पहिला हंगाम कोरा बेंड ठेवायला सांगतो.

७. कोटिंगच करायचं ठरलं, तर क्रम

बेंड आधी गाडीवर पूर्ण बसवून बघा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, इंजिन हलवून बघा, ऑक्सिजन सेन्सरचा बॉस, ब्रॅकेट, सगळं वेल्डिंग उरका. एकदा थर चढल्यावर ब्रॅकेट चिकटवायचं तर तो घासावा लागतो आणि तिथून गंज सुरू होतो. फ्लँजचं तोंड थरानंतर पुन्हा सपाट करून घ्या, नाहीतर गॅस्केट फुंकतं.

नुकतंच बांधलेलं इंजिन असेल तर पहिले काही तास जुन्या मॅनिफोल्डवर चालवा. तेव्हा टायमिंग आणि मिश्रण अजून बसलेलं नसतं, बेंड लालभडक होतो आणि नवा थर पहिल्याच दिवशी करपतो. टायमिंग लागलं, प्लग काढून त्यांचा रंग बघितला, की मग कोटिंगचा बेंड चढवा. स्टडला तांब्याचं अँटीसीझ लावायला विसरू नका आणि पहिल्या तापण्यानंतर इंजिन पूर्ण गार झालं की नट पुन्हा आवळा.